पन्नास मीटरची काच

निकाल मास्तरांनी सगळ्यांसमोर फळ्यावर लिहिला असता, तर तो तिला इतका लागला नसता. पण त्यांनी तिला कपाटामागे बोलावलं, आवाज खाली आणला आणि घरातल्या कुणाचं दुखणं सांगावं तसं सांगितलं, “वहिनी, रागावू नका. पण हात गेला तुमचा.”

ती चटईवरून नुकतीच उठली होती. कोपरांवर चटईची वीण उमटली होती. हातात पन्नास मीटरवरून आणलेला कागद होता. वीस गोळ्या, दोनशेपैकी एकशे अडुसष्ट गुण. काळ्या गोलावर भोकं अशी विखुरली होती, की कुणीतरी रागाने मूठभर मोहरी फेकली असावी.

“गेला म्हणजे कुठवर गेला?” तिने विचारलं.

“आता असं बघा, वय म्हटलं की...”

“माझं चोपन्न आहे, मास्तर. तुमचं एक्कावन्न. तीन वर्षांत हात कुठवर जातो, तेवढं सांगा.”

मास्तरांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. साऱ्या क्लबला दरडावणारा हा माणूस तिच्यापुढे आला की शब्द शोधत बसे. ते तिचे धाकटे दीर. घरी ती त्यांना भाऊजी म्हणे आणि रेंजवर मास्तर. या दोन्हींची गल्लत होऊ द्यायची नाही, हा दंडक तिचाच होता. त्यांची जीभ मात्र वहिनीपलीकडे वळतच नसे.

“स्पर्धेला चार नावं पाठवायची आहेत पंधरा दिवसांनी,” ते म्हणाले. “आपण पाच जण. चाचणी होईल, तुम्हीही बसा. पण आशा धरून दमू नका, एवढंच.”

“हात गेला असेल तर माझं नाव मीच खोडीन. पण आधी मोजीन.”

“मोजा. तुम्हाला काय, मोजायला निमित्तच लागतं.”

क्लबात तिला सगळे मोजपट्टी म्हणत. दाब मोजायची यंत्रं तपासून बरोबर करणाऱ्या एका छोट्या कार्यशाळेत ती तीस वर्षं होती आणि तिचा हिशेब दशांशाच्या पुढे चाले. कुणी “थोडंसं डावीकडे” म्हटलं की ती “किती थोडंसं?” असं विचारी. नाव पडायला एवढं पुरलं.

क्लबच्या रायफली पॉइंट टू-टूच्या. बारीक काडतूस, कडेवर ठोका बसून उडणारं. आवाज वाळकी काटकी मोडावी तसा आणि खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच. ती वीस वर्षं पोटावर झोपून साध्या भोकाच्या माशीने, नळीवरच्या नेमाच्या खुणेने, नेम धरत आली होती. मग इतरांसारखंच तिचंही झालं. लांबचं दिसे, पण नळीच्या टोकावरची माशी धुरकट होऊ लागली. क्लबातले निम्मे डोळे असेच उतरणीला लागले, तेव्हा दुर्बीण लावलेल्या रायफलीचा एक गट सुरू झाला. मास्तरांच्या मेहुण्याने आपल्या मोठ्या रायफलीवरची एक झोकदार दुर्बीण भेट दिली. चांगली जाडजूड, पुढे पन्नास मिलिमीटरची काच. सगळे खूश झाले. मास्तरांनी ती स्वतः बसवली, स्वतः गोळ्या मारून जुळवली आणि नियम केला: जुळवणारा डोळा मास्तरांचा, बाकी कुणी डायलला बोट लावायचं नाही.

त्याला आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत मोजपट्टीचे गुण एकशे नव्वदवरून एकशे अडुसष्टवर आले होते. गेला असेल खरंच हात, असं तिला घरी जाताना दोनदा वाटलं. दोन्ही वेळा तिने ते तसंच बाजूला ठेवलं, न तपासलेलं यंत्र ठेवतात तसं.

मंगळवारी कार्यशाळेत ती दाबाचं एक स्वस्तातलं गेज वाचत होती. “सहा पूर्णांक दोन,” ती म्हणाली. शेजारच्या टेबलावरची बाई वाकून बघत म्हणाली, “सहा-चार आहे की, ताई.”

“तू कडेने बघतेयस.”

“मग तुम्ही कुठे समोर आहात? तुमची खुर्ची इकडे सरकलीय.”

मोजपट्टीने खुर्ची सरळ केली. सहा पूर्णांक तीन. चांगल्या गेजमध्ये काट्यामागे आरशाची बारीक कमान असते. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं की डोळा बरोबर समोर आहे असं समजायचं. या गेजला ती नव्हती. काटा वर, आकडे खाली, मध्ये दोन मिलिमीटरची पोकळी, आणि त्या पोकळीत ज्याच्या-त्याच्या डोळ्याचं वेगळं उत्तर. हे ती नव्या माणसांना तीस वर्षं शिकवत आली होती. तरीही ती पेन हातात धरून इतका वेळ बसून राहिली की शेजारच्या बाईने विचारलं, “चहा घेताय का? की चक्कर आली?”

“चक्कर नाही. लाज आली,” ती म्हणाली.

संध्याकाळी ती थेट दिरांच्या घरी गेली. ते कामावरून यायचे होते. धाकटी जाऊ स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. ही बाई चाळीस शब्दांत सांगायचं ते चारशेत सांगे आणि त्यातले तीनशे ऐकण्यासारखे असत.

“मला कळलं हो सगळं,” ती पाहताक्षणी म्हणाली. “हे घरी आले ते तोंड एवढंसं करून. म्हटलं, काय झालं? म्हणे, वहिनींना बोललो. म्हटलं, बरं झालं, आता महिनाभर जेवायला त्यांच्याकडेच जा.”

“दुर्बिणीबद्दल बोलायचंय.”

सुरी थांबली. “माझ्या दादाने दिलेल्या?”

“हो.”

“ताई, दादाने जीव लावून जपलेली वस्तू आहे ती. डाग नाही तिच्यावर.”

“डाग नाहीच. दुर्बीण उत्तम आहे. ती सुरी ठेव आणि एक डोळा मिट.”

“का?”

“मिट तर. आता हे बोट समोर धर, त्या कपाटाच्या मुठीवर बरोबर. धरलंस? बोट हलवू नकोस. डोकं थोडं डावीकडे ने.”

“बोट सरकलं.”

“बोट नाही सरकलं.”

“अहो, मुठीवर होतं, आता कडीवर आलं!”

“आता जाऊन बोट मुठीलाच चिकटव. डोकं हलव.”

जाऊ उठून कपाटाशी गेली, बोट मुठीवर टेकवलं आणि मान डावी-उजवीकडे अशी हलवली की कानातले डूल वाजले. “आता नाही सरकत.”

“बस. दुर्बिणीत एक फुली असते. लक्ष्याचं चित्र त्या फुलीवर चिकटल्यासारखं पडलं, तर डोकं कुठेही असो, फुली जागेवर. पण हे चिकटणं एका ठरावीक अंतरालाच होतं. तुझ्या दादाची दुर्बीण शंभर मीटरला जुळवलेली आहे, तसं तिच्यावर लिहिलंय. त्याच्या रायफलीला तेच हवं. आम्ही मारतो पन्नासवर. म्हणजे बोट अधांतरी.”

“मग यांचा नेम कसा लागतो?”

“भाऊजींची मान लांब. काचेमागे डोळा दर वेळी तिथेच जातो. माझी बघ.” मोजपट्टीने हनुवटी छातीला टेकवून दाखवली. “एवढ्या मोठ्या काचेची दुर्बीण रायफलीवर धरायला कड्या उंच लागतात. त्यात मोठ्या रायफलीच्या कड्या आपल्या बारक्या रायफलीच्या अकरा मिलिमीटरच्या खाचेत बसेनात, म्हणून भाऊजींनी मध्ये पट्टी घातली. दुर्बीण आणखी वर गेली. माझा गाल दस्त्यावर टेकतच नाही. डोकं तरंगतं.”

जाऊ पुन्हा भाजीकडे वळली. दोन गाजरं चिरून झाल्यावर म्हणाली, “दादाला मी सांगीन. पण यांना तुम्ही सांगा. मला त्यांच्या नाकाला झोंबलेल्या मिरच्या निस्तरायच्या नाहीत.”

मिरच्या झोंबल्याच. मास्तर कमरेवर हात ठेवून म्हणाले, “ती दुर्बीण तसूभर हलत नाही. कड्या मी स्वतः आवळल्यात.”

“हलत नाही हेच मला दाखवायचंय,” ती म्हणाली.

गुरुवारी पाचही जण रेंजवर जमले. मास्तर, मोजपट्टी, शहराच्या बसगाड्या चालवणारा लांबलचक ड्रायव्हर, छापखान्याचा मालक आणि दातांची डॉक्टरीणबाई. ही डॉक्टरीणबाई उंचीने मोजपट्टीपेक्षाही चार बोटं कमी, आणि गेल्या आठ महिन्यांत नेमबाजीतून जवळजवळ उठलेली. तिचे गुण एकशे बहात्तर होते. “मी आता फक्त दातांवरच नेम धरते,” असं ती हसत सांगे, पण कागद मात्र घडी करून पटकन पर्समध्ये टाके.

दुरुस्तीच्या जड टेबलावर व्हाइस होता, वस्तू गच्च आवळून धरणारी लोखंडी पकड. मोजपट्टीने रायफल नमद्यात गुंडाळून त्यात आवळली, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. बोल्ट, ज्याशिवाय गोळी सुटत नाही, काढून मास्तरांच्या खिशात टाकला. “हा तुमच्याकडे. म्हणजे ड्रायव्हरसाहेब समोर निर्धास्त उभे राहतील.”

“निर्धास्त म्हणजे काय,” ड्रायव्हर म्हणाला, “घरी विम्याचे कागद काढून ठेवलेत.”

पन्नास मीटरवर कोरा कागद लावला. ड्रायव्हरच्या हातात काडीला चिकटवलेली पुठ्ठ्याची काळी टिकली दिली, मध्ये सुईचं भोक असलेली. रायफलीला कुणी हात लावायचा नाही. चटई नसली तरी आपण गोळी मारताना डोकं जसं ठेवतो तसंच ठेवून बघायचं आणि फोनवर ड्रायव्हरला सांगत राहायचं: डावीकडे, खाली, अजून, थांब. टिकली फुलीवर आली की त्याने भोकातून पेन्सिलीचा ठिपका द्यायचा. मग उठायचं, भिंतीला हात लावून यायचं, पुन्हा बघायचं. प्रत्येकी तीनदा.

“आणि कुणी मुद्दाम डोकं वाकडं करायचं नाही,” तिने बजावलं. “माझ्या बाजूनेही नाही.”

“रायफल एका जागी आवळलेली,” मास्तर म्हणाले. “पंधरा ठिपके एकावर एक पडणार. वेळ चाललाय.”

“तसे पडले तर माझं नाव खोडा. आत्ता, इथे.”

छापखानेवाल्याने भुवया उंचावून डॉक्टरीणबाईकडे पाहिलं. गंमत संपली आहे हे सगळ्यांना कळलं.

ड्रायव्हरची पाळी आली तेव्हा छापखानेवाला टिकली धरायला गेला. सगळं आटपायला तास लागला. मोजपट्टीने कागद टेबलावर पसरला आणि प्रत्येकाच्या ठिपक्यांभोवती वेगळ्या रंगाची रेघ काढली. मास्तरांचे तीन ठिपके मसुराच्या दाण्याखाली झाकले गेले असते. ड्रायव्हरचे त्यांच्याच शेजारी. छापखानेवाल्याचे जरा ऐसपैस. तिचे स्वतःचे तीन एकमेकांपासून चौदा मिलिमीटरपर्यंत पसरलेले, आणि डॉक्टरीणबाईचे पंधरा.

“लक्ष्यावर दर आठ मिलिमीटरला एक गुण जातो,” तिने एवढंच म्हटलं.

डॉक्टरीणबाईने आपल्या हिरव्या रेघेवर बोट ठेवलं. “म्हणजे चाप ओढण्याआधीच माझे दोन-दोन गुण गेलेले असायचे?”

“कधी दोन, कधी शून्य. डोकं कुठे पडेल त्यावर.”

 मास्तर टेबलाशी वाकले, दुर्बिणीला डोळा लावला आणि आठ महिन्यांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. मान मुद्दाम वर नेली, खाली आणली, डावीकडे नेली. बराच वेळ. मग तसेच वाकून म्हणाले, “सरकतेय.”

“मास्तर...”

“रायफल गच्च आहे आणि फुली सरकतेय, वहिनी. आणि मी या बाईंना सांगत होतो की श्वास चुकतोय.”

“यातून सगळं सिद्ध होत नाही,” मोजपट्टी म्हणाली. तिला स्वतःच्याच बाजूने झुकलेलं माप कधी सहन होत नसे. “माझे सगळे गुण काचेनेच खाल्ले असं मी म्हणत नाही. काही हातानेही खाल्ले असतील. कुणी किती खाल्ले, ते बरोबरची काच लावल्याशिवाय कळणार नाही. दहा दिवस आहेत.”

मास्तर सरळ उभे राहिले. “आणा. तुम्ही निवडाल ती आणा. क्लबातर्फे घेऊ.”

शनिवारी ती दुकानात गेली. जाऊ आपणहून बरोबर आली होती, “दादाच्या वस्तूची जागा कोण घेतेय ते मला बघू दे” म्हणून. दुकानदार गोलमटोल, गोडबोल्या माणूस. त्याने काचेच्या कपाटातून पहिलीच दुर्बीण काढली ती हाताएवढी लांब.

“ही बघा, ताई! चोवीस पट! चंद्रावरचे खड्डे मोजा.”

“मला पन्नास मीटरवरचं मधलं दहा मिलिमीटरचं वर्तुळ बघायचंय. ही किती मीटरला जुळते?”

“कितीलाही! बाजूला चाक आहे, फिरवा, दहा मीटरपासून पुढे वाट्टेल तिथे.”

हे उत्तर बरोबर होतं आणि तिने त्यावर खरंच विचार केला. “रायफल एक आणि माणसं पाच,” ती मग म्हणाली. “प्रत्येक जण चाक फिरवणार आणि एक जण विसरणार. शिवाय काच पुन्हा पन्नासची. कड्या पुन्हा उंच. माझा गाल पुन्हा हवेत.”

“गालाला उशी लावा.”

“ड्रायव्हरच्या गालाचं काय करू?”

दुकानदाराने जाऊकडे मदतीच्या आशेने पाहिलं. जाऊ म्हणाली, “माझ्याकडे बघू नका. यांनी माझ्या लग्नात अंगठीचा घेर मोजून दिला होता.”

दुसरी दुर्बीण होती चार पटींची, आखूड, हलकी, बारक्या रायफलीसाठीच केलेली. मोजपट्टीला ती पाहताच आवडली, म्हणूनच तिने तिच्याकडे जास्त संशयाने बघितलं. तिने पिशवीतून वाळूची छोटी थैली काढून दुकानाच्या फळीवर ठेवली, तीवर दुर्बीण टेकवली. मग क्लबचा लक्ष्याचा कागद जावेच्या हातात दिला.

“इथून सदुसष्ट पावलं चाल, पन्नास मीटर होतील. तिथे उभी राहा. हा पोटासमोर धर.”

“रस्त्यावर?”

“पदपथावर.”

जाऊ पुटपुटत निघाली. मोजपट्टी तिची पावलं मोजत होती. एकसष्टावर ती औषधाच्या दुकानासमोर थांबली, मोजपट्टीने हाताने अजून पुढे ढकललं. थोड्या वेळाने फोन वाजला.

“ताई, लोक बघतायत.”

“बघू देत. कागद खाली जातोय.”

“एक आजोबा विचारतायत, कशाची सही मोहीम आहे?”

“कागद वर.”

चार पटींच्या दुर्बिणीची फुली जाड होती. मधलं दहाचं वर्तुळ तिच्या रेघेखाली पार गडप होत होतं. तिने दुर्बीण खाली ठेवली. आवडलेली वस्तू नाकारताना तिला नेहमी एक बारीक समाधान होई.

“आता साधी नऊ पटींची दाखवा,” ती म्हणाली. “पुढची काच बत्तीसपेक्षा मोठी नको. पन्नास मीटरला कारखान्यातूनच जुळवलेली हवी. आणि कड्या बुटक्या, अकराच्या खाचेच्या.”

“ताई, अशी कुणी मागतच नाही. सगळ्यांना मोठी हवी असते.” दुकानदार खाली वाकला, दोन खोके सरकवले आणि तिसरा वर काढला. खोक्यावर धूळ होती.

तिने ती दुर्बीण थैलीवर टेकवली.  फुलीचे चारही हात बाहेर जाड होते आणि मध्याजवळ केसासारखे बारीक. काळ्या गोलावर काळी रेघ हरवते, ही खरी अडचण. पण जाड हात बाहेरच्या पांढऱ्यावर दिसत राहत आणि डोळ्याला धरून मध्याकडे आणत. तिने मान डावीकडे नेली. काचेच्या कडेला काळी सावली आली, पण फुली जागेवर. उजवीकडे, वर, खाली. फुली कागदाला चिकटल्यासारखी.

फोनवर जाऊ म्हणत होती, “ताई, आता ते आजोबा सही करतायत.”

“करू देत. कागद हलवू नकोस फक्त.”

दुकानदाराने हात टेकले. “चोवीस पटींची घ्यायला आलेला माणूस मी कधी नऊ पटींवर पाठवला नव्हता.”

“मी चोवीसची घ्यायला आलेच नव्हते,” ती म्हणाली.

रविवारी मास्तरांनी पट्टी काढली, बुटक्या कड्या बसवल्या आणि स्क्रू आवळून झाल्यावर रायफल स्वतः न उचलता मोजपट्टीपुढे केली. “जुळवा.”

“नियम?”

“नियम मी केला होता, मीच मोडतोय. प्रत्येकाने आपापल्या डोळ्याने जुळवायची. डायलचे किती टिकटिक फिरवले ते वहीत लिहायचं. पुढच्याने त्यावरून आपलं करायचं.” मग हळूच, “मेहुण्याला कळवलं आम्ही. तो म्हणाला, मग परत द्या की, मला हवीच होती.”

तिने चटईवर आडवं होऊन गाल दस्त्यावर टेकवला. लाकूड गार होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिचं डोकं कुठेतरी विसावलं. पहिल्या पाच गोळ्या एका बोटाच्या पेराखाली झाकता आल्या असत्या.  तिने तो कागद पालथा घालून दुसरा लावायला सांगितला, कारण पाच गोळ्यांवरून ती कशावरच विश्वास ठेवत नसे.

पुढचे सहा दिवस ती रोज कामावरून थेट रेंजवर आली. डॉक्टरीणबाईही आली.

चाचणीच्या सकाळी हवा निवांत होती. वीस-वीस गोळ्या. ड्रायव्हर, एकशे पंच्याऐंशी. मास्तर, एकशे सत्त्याऐंशी. डॉक्टरीणबाईने शेवटचा कागद स्वतः ओढून आणला, दोनदा मोजला आणि मग मोजपट्टीकडे दिला, “तुम्ही मोजा, माझा विश्वास बसत नाही.” एकशे अठ्ठ्याऐंशी. मास्तरांहून वर. या वेळी कागदाची घडी झाली नाही. छापखानेवाला, एकशे ब्याऐंशी.

मोजपट्टी शेवटी. तिला किती हवेत हे तिला माहीत होतं आणि ते तिने डोक्यातून काढून टाकायचा प्रयत्न केला नाही. मोजलेली गोष्ट न मोजल्यासारखी करणं तिला जमत नसे. एकोणीस गोळ्या झाल्या. एकशे चौऱ्याहत्तर. शेवटच्या गोळीला नऊ हवे होते. फुली काळ्याच्या मध्यावर आली, बसली, किंचित ढळू लागली. श्वास सोडून पुन्हा सुरुवात करायची वेळ होती. ती थांबली नाही. चाप ओढला गेला त्याच क्षणी तिला कळलं, कागद यायच्या आधी, दुर्बिणीत भोक दिसायच्या आधी.

“सात,” ती म्हणाली. “उजवीकडे खाली.”

कागद आला. सात. उजवीकडे खाली. एकशे एक्क्याऐंशी.

 मग मास्तर घसा खाकरून म्हणाले, “मला वाटतं शेवटच्या गोळीला वारा आला होता.”

“हो, मलाही जाणवला,” छापखानेवाला म्हणाला. त्याचीच जागा पणाला लागली होती आणि तरी तो म्हणाला. “मारू द्या परत. माझी हरकत नाही.”

“वहिनी, मारा एक. आठ महिने क्लबाने तुमचे गुण खाल्लेत, एक गोळी देणं लागतो.”

डॉक्टरीणबाई मान हलवत होती, हो म्हणून. मोजपट्टीने चौघांकडे पाहिलं. त्यांना खरंच तिने मारावी असं वाटत होतं, हे तिला दिसत होतं. 

“वारा नव्हता,” ती म्हणाली. “मी श्वास न सोडता चाप ओढला. मोठ्या काचेखाली हीच गोळी सातला गेली असती तर मला कळलंच नसतं की चूक कुणाची. आज कळतंय. ही माझी आहे. हिला वाऱ्याच्या नावावर टाकू नका.”

“पण जागा...” छापखानेवाला म्हणाला.

“जागा तुमची. एका गुणाने.”

तिने वहीत चार नावं लिहिली, डॉक्टरीणबाईचं सगळ्यात वर. खाली रेघ मारून आपलं पाचवं, राखीव म्हणून. अक्षर नेहमीसारखंच बारीक आणि सरळ आलं.

बाकीचे सामान आवरू लागले. मोजपट्टीने मात्र नवा कागद काढला आणि चटई पुन्हा झटकली.

“आता कशाला?” मास्तरांनी विचारलं. “आज दमलात.”

“काचेचा हिशेब संपला. आता उरलंय ते माझं आहे, आणि ते तुम्ही शिकवू शकता. श्वास धरून मी कुठे घाई करते ते बघा. दर गोळीला सांगा.”

मास्तर तिच्या शेजारी उकिडवे बसले, मग गुडघे दुखले म्हणून सरळ जमिनीवर मांडी घातली. तिने गाल टेकवला, काडतूस भरलं, श्वास आत घेतला.

“सोडा,” ते म्हणाले. “निम्मा. तिथे थांबा. नाही, अजून नाही ओढायचा. वहिनी, पुन्हा.”

तिने डोकं उचललं, श्वास सोडला आणि पुन्हा सुरुवात केली.